नेसायचा पूल

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा पाणघोडे बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत असत. लहानांनो, मांडी घालून बसा. मोठ्यांनो, हातातलं निवडण खाली ठेवू नका, गोष्ट ऐकताना हात चालू असलेले बरे.

समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या ऐन मध्यावर, एक राज्य होतं. त्यातून एक नदी वाहत होती. अलीकडच्या काठावर एक गाव, पलीकडच्या काठावर दुसरं गाव. मध्ये पाणी, पाण्यात मगरी, आणि मगरींनाही न जुमानणारा एक लठ्ठ पाणघोडा.

अलीकडच्या गावात एक सुईणआजी राहायची. दोन्ही काठांना मिळून सुईण ती एकच. सकाळी उठावं, दारच्या गोरखचिंचेच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी घालावं, देवाचं नाव घ्यावं, मगच तोंडात काही घालावं, असा तिचा नेम. दोन्ही गावांतली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली होती ती तिच्याच हातात. त्यामुळे गावप्रमुखालासुद्धा ती "ए नकट्या" म्हणायची, आणि तो मुकाट्यानं ओ द्यायचा.

उन्हाळ्यात नदी आटली की आजी दगडांवरून पलीकडे जाऊन यायची. पण पूर आला की सगळंच थांबायचं. मागच्या पावसाळ्यात पलीकडे एक बाई अडली होती. दोन दिवस तिच्या हाका पाण्यावरून येत राहिल्या, आणि आजी इकडच्या काठावर हात जोडून नुसती उभी. देवाची कृपा, मायलेकरू वाचलं. पण तेव्हापासून आजीला पाण्याचा आवाज सहन होईना.

आणि या वर्षी तर तिची स्वतःची लेक, पलीकडच्याच गावात दिलेली, पोटुशी होती. दिवस भरत होते ते नेमके पुराच्या महिन्यात.

आता तुम्ही म्हणाल, राज्याला राजा नव्हता का? होता ना! आणि चांगला होता. प्रजेचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटायचं. दर पौर्णिमेला तो एखादी योजना काढायचा. अमावास्येला तिच्यासाठी कायदा, मधल्या दिवसांत धोरण. नदीवर पूल व्हावा म्हणून त्यानं एक नाही, दोन नाही, सात योजना काढल्या होत्या.

त्या राज्याची एक रीत होती. योजना जाहीर झाली की तिच्या नावाचं कापड छापायचं. कापडावर योजनेचं चित्र, चित्राच्या वर राजाचा चेहरा, आणि ते कापड राज्यातल्या बाईबाईला नेसायला वाटायचं. मग प्रधानजी वाजतगाजत नदीवर यायचे, एक खांब रोवायचे, तासभर बोलायचे, सगळ्यांना जेवू घालायचे आणि निघून जायचे.

पहिल्या योजनेचं कापड पिवळं होतं. दुसरी योजना पहिली का झाली नाही याचा विचार करणारी होती, तिचं तांबडं. तिसरा तर कायदाच निघाला, की पुलावाचून कुणी नदी ओलांडू नये. त्या वर्षी, नुसतं बघणंही ओलांडण्यात धरतील या भीतीनं, लोक आठवडाभर नदीकडे पाठ करून बसले होते. एकदा प्रधानजींनी सुचवलं की नदीचं नाव बदलून "रस्ता" ठेवू, म्हणजे पुलाची गरजच उरणार नाही. त्याचं हिरवं कापड छापलंसुद्धा. बाकीच्यांचे रंग सांगत बसत नाही. पण आजीच्या पेटीत सात पूल घड्या घालून ठेवलेले होते, आणि नदीवर एकही नव्हता.

दरबारात मात्र प्रधानजी सांगायचे, "महाराज, पूल घरोघरी पोचला!" राजा सज्जातून खाली बघायचा. खरंच की, बाजारात जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या अंगावर पूल! त्याला समाधानानं झोप लागायची.

एके दिवशी आजी नदीवर भोपळ्याच्या तुंबड्यात पाणी भरायला गेली. पाणघोडा चिखलात लोळत होता.

"काय रे लठ्ठ्या," आजी म्हणाली, "गेल्या वर्षीपेक्षा सुटलास."

"योजनांची कृपा!" पाणघोडा म्हणाला. "दर खेपेला एवढं शिजवतात, निम्मं उरतं, ते मला टाकतात. सात पूल पचवले मी, आजी. आठव्याची वाट बघतोय."

आजी हसली नाही. ती तिथेच दगडावर बसली. पाण्याच्या दोन्ही अंगांना, जिथे पात्र सगळ्यात अरुंद होतं, तिथे दोन गोरखचिंची समोरासमोर उभ्या होत्या. आजीनं इकडची बघितली, तिकडची बघितली. मग आपल्या नेसूकडे बघितलं. पिवळ्या कापडावर पूल होता. नऊ वर्षं धुऊन नेसत होती, तरी कापड कुठे विरलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं गावातल्या बायकांना अंगणात बोलावलं.

"मी एक व्रत धरतेय," ती म्हणाली. "ज्यांना वाटेल त्यांनी माझ्याबरोबर धरा."

"कुठल्या देवाचं?" एकीनं विचारलं.

"नदीचं. गोरखचिंचेची साल सोलून तिच्या धाग्यांचा वाख काढायचा. वाखावर योजनेचं कापड गुंडाळून दोर पिळायचा. रोज हातभर. हातभर दोर झाल्याशिवाय सकाळचा पहिला घास घ्यायचा नाही. बस, एवढंच."

"एवढंच?" कुंभारीण म्हणाली. "उपास नाही, जागरण नाही?"

"दोर पिळून हात दुखतील, तेच जागरण समज."

पण कापडाचं नाव काढल्यावर बायका चुळबुळ करायला लागल्या. एक म्हणाली, "माझं तिसऱ्या कायद्याचं कापड मी पोरीच्या लग्नाला जपलंय." दुसरी म्हणाली, "आजी, निळा पूल मला खुलून दिसतो हो. तो सोडून कुठलाही मागा."

इतका वेळ ओट्यावर ऐकत बसलेला गावप्रमुख मध्येच म्हणाला, "योजनेचं कापड फाडणं हा गुन्हा आहे बरं का. पाचव्या योजनेतलं अकरावं कलम."

"ए नकट्या, फाडतंय कोण? आम्ही पिळणार आहोत. पिळू नये असं कलम आहे का कुठे?"

गावप्रमुखानं बोटांवर कलमं मोजली. नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजीनं झाडाला पाणी घातलं, पिवळ्या कापडाला नमस्कार केला आणि पहिला हातभर दोर पिळला. बुरडीण आली, कुंभारीण आली. आठवडाभरात चाळीसजणी झाल्या. कुणाचं पोर रडायचं, कुणाची पेज उतू जायची, कुणी विसरून आधी घास घ्यायची आणि मग जीभ चावून दुप्पट पिळायची. आजी कुणाला रागवायची नाही. "चुकलं तर उद्या दोन हात," एवढंच म्हणायची. निळ्या पुलाची मालकीण पंधरा दिवस अडून बसली. सोळाव्या दिवशी तिनंच कापड आणून आजीच्या मांडीवर टाकलं आणि तोंड फिरवून म्हणाली, "घ्या. माझी नणंद पण पलीकडेच दिलीय."

असे महिने गेले. दोर वाढत गेला. बारा बारीक दोर एकत्र पिळले की एक जाड दोर व्हायचा. पूल तीन दोरांचा ठरला होता. एक पायाखाली, दोन हातांनी धरायला.

पहिले दोन दोर पलीकडे न्यायची वेळ आली तेव्हा आजी पाणघोड्याकडे गेली. पाणघोडा काही पोहत नाही हो, तो तळावरून चालत जातो. मगरीच काय, प्रवाहही त्याला हलवत नाही.

"मी का नेऊ?" पाणघोडा म्हणाला. "पूल झाला तर योजना थांबतील. योजना थांबल्या की जेवणं थांबली. मी वेडा आहे का?"

"दोन्ही काठांवर जेवढी बाळं जन्मतील तेवढ्या टोपल्या रताळी तुला. माझा शब्द."

पाणघोड्यानं विचार केला. "बाळं किती होतात वर्षाला?"

"पूल झाला तर पुष्कळ. नवरे घरी पोचतील."

पाणघोडा इतका हसला की नदीला लाटा आल्या. त्यानं दोन दोर दातांत धरून पलीकडे नेले. तिकडे आजीच्या जावयानं आणि गावकऱ्यांनी ते गोरखचिंचेला करकचून बांधले.

तिसरा दोर मात्र अजून अकरा हात कमी होता, आणि कापड संपलं होतं. बायकांकडे अंगावरचं सोडलं तर काही उरलं नव्हतं. नुसत्या वाखाचा दोर ओला झाला की सुटायचा. एका बाजूला धरायला काही नाही, अशा दोरावरून तरण्या माणसानंही जायला धजू नये. आजीची तर साठी उलटलेली.

त्यातच वरच्या डोंगरात पाऊस लवकर लागला. नदी एका रात्रीत तांबडी झाली आणि काठाला धडका द्यायला लागली.

त्याच सकाळी लांबून ढोल ऐकू आले. राजाची स्वारी! आठवी योजना जाहीर करायला या खेपेला महाराज स्वतः आले होते. मागे बारा गाढवं, गाढवांवर कापडाचे गठ्ठे. जांभळा रंग, वर पूल, पुलावर महाराज.

प्रधानजींनी नदीकडे पाठ करून लगेच भाषण सुरू केलं. "ही योजना दहा वर्षांची आहे! हिच्यात दृष्टी आहे, धोरण आहे..."

तेवढ्यात पलीकडून ढोल वाजला. तीन ठोके संथ, एक घाईचा. पुन्हा तीन संथ, एक घाईचा. प्रधानजींना वाटलं, पलीकडची प्रजा दाद देतेय. ते मागे वळून वाकले, हात जोडले आणि आवाज चढवून पुढे बोलू लागले. ढोलही चढला. प्रधानजी आणखी वाकले.

आजीच्या हातातलं तुंबडं खाली पडलं. "अहो थांबा! कुणी वाहवा करत नाहीये. तो ढोल माझ्या जावयाचा आहे. लेकीला कळा लागल्यात."

राजा उठून उभा राहिला. तेव्हा कुठे त्याचं लक्ष पाण्यावर गेलं. पाण्यावर दोन रंगीबेरंगी दोर डोलत होते.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"पूल आहे, महाराज. होत आलाय."

"कुठल्या योजनेतला?"

"सगळ्याच. सातही पिळलेत त्यात."

प्रधानजींनी जवळ जाऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. एका पिळात महाराजांचा कान होता, पुढच्यात मिशी. "महाराज, अनर्थ! या बायका तुमच्या चेहऱ्यावरून चालणार! शिवाय पूल उद्घाटनाआधी वापरता येत नाही, आणि उद्घाटनाचा मुहूर्त दहा वर्षांनी आहे!"

"प्रधानजी, बाळाला सांगू का दहा वर्षं थांब म्हणून?" आजी म्हणाली. मग ती राजाकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला. "महाराज, पायाखालच्या दोरात आम्ही पुलाची चित्रं वर येतील असं पिळलंय. तुमचे चेहरे हाताच्या दोरात वर आणलेत. पडायची वेळ आली की माणूस जिथे घट्ट धरतं ना, तिथे तुम्हाला ठेवलंय."

राजानं दोरातल्या आपल्या मिशीवरून बोट फिरवलं. त्यानं पाण्याकडे बघितलं. पाण्यातून दोन डोळे आणि दोन कान वर आले होते.

"तू इथलाच ना?" राजानं पाणघोड्याला विचारलं. "खरं सांग. माझ्या सात योजनांनी कुणाचं भलं झालं?"

"माझं," पाणघोडा म्हणाला. "सात वेळा जेवलो, महाराज. राज्याचा विकास कुणाला दाखवायचा झाला तर मला दाखवा."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. राजा हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"मी प्रत्येक वेळी मनापासून संकल्प सोडला होता, आई," तो आजीला म्हणाला.

"सोडलात ना. ढोल वाजवून सोडलात, आणि त्याच दिवशी जेवणं घालून उद्यापनही केलंत. मधलं व्रत तेवढं राहिलं." आजीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पोराचं बटण चुकलेलं दाखवावं तसं ती बोलली. "आता ते राहू द्या, महाराज. माझा दोर अकरा हात कमी आहे."

राजानं गाढवांकडे पाहिलं. "आठवी योजना खाली उतरवा," तो म्हणाला, "आणि पिळा."

"महाराज! अजून वाटलीही नाही!" प्रधानजी ओरडले.

"तुम्ही हे टोक धरा, प्रधानजी."

राजा चिखलात मांडी घालून बसला. समोर प्रधानजी बसले. दोघांनी जांभळं कापड वाखावर घेतलं आणि जोरात पिळायला सुरुवात केली. पण हुकूम द्यायची सवय दोघांनाही. दोघंही पिळतायत, धरत कुणीच नाही. दोर वेटोळं होऊन प्रधानजींच्या नाकावर बसला.

"एकानं घट्ट धरायचं आणि एकानं पिळायचं," आजी म्हणाली. "दोघांनी आपलंच चालवलं की असं होतं."

मग प्रधानजींनी धरलं. चाळीस बायका भोवती बसल्या, शिपाई बसले, गावप्रमुखही बसला. पलीकडे ढोल वाजतच होता, घाईचे ठोके वाढत होते. आजीचे ओठ देवाच्या नावानं हलत होते आणि हात दोरावर. नऊ हात झाला. दहा. अकरा.

"लठ्ठ्या!" आजीनं हाक मारली.

पाणघोडा काठाशी आला. पाणी त्याच्याही पाठीवरून उसळत होतं. "समारंभ आहे ना आज? भाषणानंतर जेवण असतं."

"भाषण संपलं," राजा म्हणाला.

"अरे वा, इतकं लवकर? असंच ठेवा," पाणघोडा म्हणाला आणि दोर दातांत धरून पाण्याखाली गेला.

सगळे काठाशी धावले. तांबडं पाणी नुसतं घोंघावत होतं. एक कान दिसला, पुन्हा नाहीसा झाला. बऱ्याच वेळानं पलीकडच्या चिखलातून पाठ वर आली. गावकऱ्यांनी दोर ओढला, झाडाला बांधला.

आजीनं पदर खोचला. पुलाला हात लावून तो कपाळाला लावला आणि पहिलं पाऊल टाकलं. दोर झोके खात होते, पाणी खाली उड्या मारत होतं. आजीच्या डाव्या मुठीत महाराजांची मिशी होती, उजव्या मुठीत जांभळ्या योजनेचे महाराज. मध्यावर तिचा पाय निसटला. चाळीसजणींच्या तोंडून एकच किंकाळी निघाली. पण मुठी सुटल्या नाहीत. आजी सावरली आणि एकेक पाऊल टाकत पलीकडे उतरली. उतरली तशी धावतच सुटली.

मग वाट बघणं आलं. राजा गेला नाही. जेवण शिजलं होतं, कुणी जेवलं नाही. पाणघोड्यानंसुद्धा विचारलं नाही, आता बोला!

सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा पलीकडचा ढोल बदलला. टिपऱ्या पडाव्यात तसे भराभर ठोके. मुलगा की मुलगी, ते तिकडे ठोक्यांवरूनच कळायचं.

"मुलगी!" कुंभारीण ओरडली. "मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

राजा पुलावरून पलीकडे गेला. प्रधानजींनाही जावं लागलं. ते डोळे मिटून गेले आणि पोचल्यावरही बराच वेळ दोर सोडेनात. राजानं आजीच्या हातात जांभळ्या कापडाचा उरलेला तुकडा दिला. आजीनं त्यात बाळाला गुंडाळलं. त्या राज्यात छापलेल्या सगळ्या कापडांत हेच पहिलं, ज्याच्यावरचं चित्र खरं होतं.

त्या दिवसापासून राज्याची रीत बदलली. काम उभं राहिल्यावाचून कापड छापायचं नाही, असं ठरलं. आणि जो कुणी योजना मांडेल, त्यानं तिचं हातभर तरी काम रोज स्वतःच्या हातानं करायचं, मगच जेवायचं. पहिल्या दिवशी प्रधानजींना जेवायला दिवस मावळला. पुढे सवय झाली, आणि अंगही उतरलं. विहिरी खणल्या गेल्या, शाळेवर छप्पर चढलं, पलीकडच्या गावाला आणखी एक सुईण तयार झाली. योजना कमी निघू लागल्या हे खरं. पाणघोडाही थोडा रोडावला, पण रताळ्यांच्या टोपल्यांची त्याची तक्रार नव्हती.

बायांनो, बाबांनो, त्या काठच्या आजीला जशी वेळेवर वाट मिळाली, तशी अडलेल्या प्रत्येकाला मिळो, आणि ती बांधणाऱ्या हातांत तुमचे-माझेही हात असोत.

बोध: मोठा संकल्प ढोल वाजवून सोडता येतो, पण फळाला येतो तो रोजच्या हातभर कामानंच.